पिंपाला तूप कोणी लावलं

लखनौहून परत आल्यावर मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर एक गोष्ट सांगितली आणि भरपूर हशा मिळवला. गोष्ट अशी होती: माझा जुना सहकारी दिनकर लखनौला नातीजवळ राहतो. नात बिअर बनवते. तिने मोठ्या विश्वासाने आजोबांना लाकडी पिंप तयार करायला सांगितलं, आणि या पठ्ठ्याने त्याला आतून साजूक तूप चोपडलं. बिअरचा फेस बसला तो बसलाच. शेवटी मी मान हलवून म्हणालो, "वय झालं बिचाऱ्याचं."

हशा ओसरल्यावर गजानन माझ्याजवळ आला. तो आम्हा दोघांबरोबर कारखान्यात होता. म्हणाला, "म्हणजे दिनकरला आता फोन करण्यात अर्थ नाही. ओळखायचाही नाही तो."

मी म्हणालो, "हो ना."

आता संघाच्या अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे लखनौचं प्रवासवर्णन मागितलं आहे. बोललेलं हवेत जातं, छापलेलं कपाटात राहतं. तेव्हा या वेळी सगळं जसं घडलं तसं लिहितो. पिंप होतं. तूपही होतं. फरक एवढाच, की त्या गोष्टीत मी कुठेच नव्हतो.

आलमबाग

दिनकर आणि मी सांगलीकडच्या एका औषध कारखान्यात आसव-अरिष्ट विभागात एकत्र लागलो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वनस्पतींचा काढा करायचा, त्यात गूळ घालायचा, धायटीची फुलं टाकायची आणि पिंपात भरून तोंड कापडमातीने बंद करायचं. आत तो काढा आपला आपण आंबतो आणि औषध होतो. पिंप तयार झालं की नाही हे बघायला आम्ही झाकण किलकिलं करून पेटती काडी धरायचो. विझली तर अजून आंबतंय, जळत राहिली तर झालं. दिनकरला काडी लागायची नाही. तो पिंपाला कान लावायचा, मग नाक, आणि म्हणायचा, "उद्या." दुसऱ्या दिवशी काडी जळत राहायची. मी विभागप्रमुख होतो आणि माझ्या खिशात कायम काडेपेटी असायची. या वाक्यात माझी सगळी नोकरी आली.

पुढे तो केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत लागून लखनौला गेला आणि तिथलाच झाला. बायको गेली, मुलगा रेल्वेत इंजिनिअर, सध्या बदलीवर झाशीला. आलमबागच्या घरात तो आणि नात सई, दोघंच राहतात. "दशहरी आंबा सुरू झाला की ये, आणि सईची बिअर चाखून जा," असा त्याचा कितीतरी दिवसांचा आग्रह होता. मी आयुष्यभर मद्यार्काची औषधं बनवली, पण बिअर कधी तोंडाला लावली नव्हती. तरी गेलो. खरं कारण उत्सुकता नव्हतं. म्हातारपणी दिनकरचं कसं चाललंय ते मला बघायचं होतं, आणि ते फार चांगलं चाललेलं नसावं, अशी मनात कुठेतरी आशा होती.

जून महिना. स्टेशनबाहेर पडलो तर भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा अंगावर आली. आमच्याकडे ऊन डोक्यावर असतं, तिथे ते चारी बाजूंनी येतं. दिनकरचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. गच्चीवर उभं राहिलं की खांबांवरून मेट्रो सरकताना दिसते आणि खाली खस्ता कचोऱ्या तळण्याचा वास येत असतो. दार दिनकरनेच उघडलं. पाठीचा कणा ताठ, डोक्यावर केस. माझ्या डोक्यावर नाहीत.

"ये भाल्या! बॅग दे इकडे. काय आणलंस?"

मी हळद आणि बेदाणे नेले होते. त्याने एक बेदाणा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाला, "तासगावकडचे. यंदा वाळताना पाऊस लागलाय यांना."

बेदाणे मी स्वतः घेतले होते. दुकानदाराने अगदी हेच सांगून भाव कमी केला होता. मी म्हणालो, "असेल. मला काही जाणवलं नाही."

तो माणसांची नावं विसरायला लागला होता. समोरच्या किराणावाल्याला दोनदा वेगळ्या नावाने हाक मारली. ते ऐकून मला बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

संध्याकाळी सई आली. जीन्स, पायात रबरी बूट, केसांना जवाचा आणि धुराचा वास. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "भालू आजोबा! इतने किस्से सुने हैं आपके. आजोबा कहते हैं, पूरे डिपार्टमेंट में सबसे सख़्त आप थे."

तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून येतं. जेवायला अरहरची डाळ होती, वरून हिंग-जिऱ्याची तुपातली फोडणी. आपल्या आमटीतला गूळ-आमसूल तिथे कोणाच्या स्वप्नातही नाही. दिनकर जेवताना बोलत होता आणि सई घास हातात धरून ऐकत होती. आजोबा-नात धायटीच्या फुलांबद्दल बोलत होते. माझा नातू पुण्यात असतो. माझ्या खोलीला औषधाचा वास येतो म्हणून तो दारातूनच "कसे आहात?" विचारतो. मी डाळ दुसऱ्यांदा वाढून घेतली, भूक नसताना.

कानपूर रोड

दुसऱ्या दिवशी सईने आम्हाला तिचा कारखाना दाखवायला नेलं. सरोजिनी नगरच्या पुढे, विमानतळ मागे टाकल्यावर, रस्त्याला लागून एक मोठं उपाहारगृह आहे. मागच्या बाजूला काचेची भिंत आणि काचेमागे स्टीलच्या टाक्या. लोक जेवता जेवता बिअर तयार होताना बघतात. आमच्या कारखान्यात बाहेरच्या माणसाला विभागाच्या उंबऱ्यापर्यंतही येऊ देत नसत.

सईने टाकीला कान लावला. मला वाटलं, मला दाखवायला करतेय. पण ती सवयीने केलेली गोष्ट होती. डोकं तिरकं करायची लकबही दिनकरची.

"तुझी मशीनं काय करतात मग?" मी विचारलं.

"मशीन नंबर बताती है, भालू आजोबा. कान बताता है कि मूड कैसा है."

तिच्या बिअरचा प्रकार स्टाउट म्हणतात तो. जव भिजवून, मोड आणून, ते कॉफीसारखे काळे भाजून करतात ती गडद बिअर. हॉप्स नावाची कडू फुलं त्यात जगभर घालतात. सईने ती अर्धी केली होती आणि उरलेल्या कडवटपणासाठी काडेचिराईत घेतलं होतं. शिवाय उपळसरी, ज्येष्ठमध, जटामांसीची जेमतेम चिमूट आणि शेवटी धायटीची फुलं. आमच्या विभागातलं निम्मं कपाटच होतं ते.

तिने ग्लास तिरका धरून भरला आणि सरळ केला. काळ्या पाण्यावर बदामी रंगाचा फेस चढत गेला आणि काठाच्या वर येऊन थांबला. ताज्या लोण्यासारखा दिसत होता. सईने त्यावर एक बेदाणा ठेवला, मीच आणलेल्यातला. तो बुडाला नाही.

"ये देखिए," ती म्हणाली. तिचा सगळा चेहरा त्या फेसाकडे होता. "इसी में तीन महीने गए हमारे. स्वाद तो पहले दिन आ गया था. स्टाउट का चेहरा झाग होता है."

मी ग्लास ओठांना लावला. आधी थंड फेस, मिशीला चिकटणारा. मग भाजलेल्या जवाचा कडूपणा, कडक कॉफीच्या तळासारखा. तो उतरायला लागतो तोवर खालून उपळसरी येते. पाऊस पडून गेलेल्या वावरात उकरलेल्या मुळीचा तो वास मी चाळीस वर्षं ओळखतो. ज्येष्ठमधाची गोडी जिभेच्या मागे राहते आणि काडेचिराईत शेवटी येऊन सगळं पुसून टाकतं, म्हणून दुसरा घोट घ्यावा लागतो. मी घेतला. तिसराही घेतला. आयुष्यभर आम्ही या मुळ्यांपासून जे बनवलं ते लोक नाक दाबून चमच्याने प्यायले. या मुलीने त्याच मुळ्यांचं असं काही केलं होतं, की माणसाने दिवसभर वाट बघावी.

"कसं आहे?" दिनकरने विचारलं.

"बरं आहे," मी म्हणालो. "ज्येष्ठमध जरा पुढे पुढे करतंय."

ज्येष्ठमध अगदी जागेवर होतं.

मालक साहनी येऊन भेटले. हसरा, जाडजूड माणूस. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आंब्याची बिअर आणि गव्हाची बिअर खपते. या काळ्या बिअरला एक टाकी कायमची द्यायची तर लोकांना आवडली पाहिजे. येत्या रविवारी दुपारी त्यांनी ओळखीच्या पंधरा-वीस जणांना चाखायला बोलावलं होतं. त्यांना आवडली तर टाकी सईची. नाही तर गव्हाची.

सईला रविवारी आणखी एक गोष्ट दाखवायची होती. दिनकरने कारखाना सोडताना भंगारातून एक छोटं सागवानी पिंप उचललं होतं. चाचणीची सगळी बिअर त्यात काही दिवस मुरवायची, लाकडाचा आणि धुरीचा वास घ्यायचा, मग स्टीलच्या पिंपात काढून वाढायची. साहनींना ती कल्पना फार आवडली होती. "दादा जी का पीपा! पब्लिक को स्टोरी चाहिए."

परतताना गाडीत सईने मागे वळून आजोबांना सांगितलं, "कल पिंप आप तैयार करेंगे. सिर्फ़ गरम पानी और धूनी. और कुछ नहीं. ठीक?"

"ठीक," दिनकर म्हणाला.

मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. मी ऐकलं.

गच्ची

सकाळी सई लवकर निघून गेली. आम्ही दोघं पिंप घेऊन गच्चीवर गेलो. ऊन अजून भिंतीपर्यंतच आलं होतं. दिनकरने पातेलंभर उकळतं पाणी ओतलं, नारळाच्या शेंडीने आतून घासलं आणि पालथं घातलं. मग निखाऱ्यांवर गुग्गुळ आणि जटामांसी टाकून वर पिंप उपडं ठेवलं. फटींतून निळसर धूर यायला लागला. शेजारच्या गच्चीवरच्या बाई ओरडल्या, "अंकल जी, पूजा है क्या आज?"

"हाँ बहन जी, बियर की!" दिनकर म्हणाला. त्या हसत खाली गेल्या.

त्याला तिथे सगळे ओळखत होते. त्याच्या विनोदावर हसत होते. मी भिंतीच्या सावलीत बसून बघत होतो. आमचा विभाग त्याने एवढ्याशा गच्चीवर पुन्हा मांडला होता, आणि त्यात विभागप्रमुखाची गरज नव्हती.

धुरी झाल्यावर त्याने पिंप सरळ केलं, आत डोकावला आणि थांबला. कपाळाला हात लावून माझ्याकडे वळला.

"भाल्या, सई काय म्हणाली होती रे? गरम पाणी, धुरी... आणखी काही म्हणाली का?"

त्याने मला विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हतं, आणि त्याने माझ्यावर सोपवलं.

मी म्हणालो, "शास्त्रात घृतलेपन सांगितलंय. आपण कारखान्यात एकही पिंप बिनतुपाचं भरलं नाही."

दोन्ही वाक्यं खरी आहेत. आंबवण्याच्या भांड्याला आतून तूप लावावं, हे जुन्या ग्रंथांत आहे, आणि आम्ही ते न चुकता करत होतो. का करत होतो तेही मला चांगलं माहीत होतं. गुळाचा काढा आंबायला लागला की फसफसून वर येतो आणि झाकण उचलतो. तुपाचा हात फिरवला की फेस चढत नाही. तूप फेस मारतं. ही गोष्ट मी दर वर्षी नव्या कामगारांना शिकवत आलो. आणि आदल्याच दिवशी एका मुलीने मला फेसावर बेदाणा ठेवून दाखवला होता.

दिनकर क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू म्हणतोस तर लावू."

स्वयंपाकघरातून तो वाटीत तूप घेऊन आला. तळापर्यंत त्याचा हात पोचेना. तेव्हा मी बाही वर केली आणि माझा हात आत घातला. तळ आणि खालचा सगळा भाग मीच माखला. पातळ, सारखा, एकही डाग न सोडता. काम मी चांगलंच करतो.

दुपारी उपाहारगृहाची गाडी येऊन पिंप घेऊन गेली. झाकण बसवलेलं, धुरीचा वास घमघमत होता. तुपाचा कोणाला लागला नाही.

मलिहाबाद

बिअर मुरत होती तेवढ्या दिवसांत दिनकर मला दशहरी खायला मलिहाबादला घेऊन गेला. शहर संपलं की दोन्ही बाजूंनी बागा सुरू होतात आणि रस्ता सावलीत जातो. आपल्याकडची कलमं डोंगरउतारावर विखुरलेली असतात. इथे सपाट जमिनीवर झाडांच्या ओळीच्या ओळी, खालच्या फांद्या इतक्या वाकलेल्या की आपणही वाकूनच आत शिरायचं. बागवान मुश्ताक मियाँ दिनकरच्या ओळखीचे. त्यांनी धावत येऊन खाट टाकली. "हकीम साहब, इस बार बहुत इंतज़ार करवाया आपने."

हकीम साहब! औषध बनवणं आणि देणं यांतला फरक मी सांगायला गेलो, पण कोणी ऐकलं नाही. दिनकरने कधीतरी त्यांच्या आईच्या खोकल्यावर ज्येष्ठमध सुचवलं होतं, तेवढ्यावर ही पदवी.

बादलीत पाण्यात घातलेले आंबे आले. लांबट, साल अजून हिरवटच. मी म्हणालो, "हापूस की बात अलग है."

मुश्ताक मियाँ अदबीने म्हणाले, "होगी साहब, ज़रूर होगी. सुना है दर्जनों में बिकता है, सजाकर रखते होंगे. इसे तो हम खाते हैं."

दिनकर एवढा हसला की त्याला ठसका लागला. मी रागाने एक आंबा उचलला आणि देठाकडचा चीक पिळून न टाकताच तोंडाला लावला. गोड इतका की हापूसची बाजू पुढे मांडता येईना. पण घरी पोचेपर्यंत खालचा ओठ टरारून सुजला. दिनकर स्वतः त्यावर तूप लावून देत होता. तीच वाटी.

"दिन्या," मी म्हणालो.

"हं?"

"काही नाही. झोंबतंय."

त्या वेळी सांगितलं असतं तर बिअर दोन दिवसांची होती. सईला दुसरा काहीतरी मार्ग काढता आला असता. मी सांगितलं नाही.

रविवार

पाहुणे यायच्या थोडं आधी सईने पहिला ग्लास भरला. फेस वर आला, काठापर्यंत पोचला, आणि कोणी फुंकर मारल्यासारखा नाहीसा झाला. तिने दुसरा ग्लास घेतला, धुऊन, पुसून. तेच. तिसऱ्याला तिने भरताना हातही बदलला. वर काळं, सपाट, चकचकीत पाणी.

ती तडक मागे गेली. आम्ही तिच्यामागे. पिंपाचं झाकण काढून तिने आत बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. चोळून पाहिलं. हुंगलं.

"घी," ती म्हणाली. "आजोबा, घी?"

माझ्या सुजलेल्या ओठाला थंड भिंतीचा आधार मिळेल तर बरं, असं काहीतरी त्या वेळी माझ्या मनात आलं. इतकी क्षुल्लक गोष्ट.

दिनकर म्हणाला, "मीच लावलं गं. विसरलो. जुनी सवय."

सईने त्याच्याकडे बघितलं. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती एकदम मोठी दिसायला लागली. म्हणाली, "कोई बात नहीं. आप बैठिए, धूप है."

पाहुणे आले. चव लोकांना आवडली, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पण प्रत्येक जण ग्लास उजेडात धरून विचारायचा, "ये ठंडी चाय है क्या?" एकाने म्हटलं, "काढ़ा है भाई, काढ़ा! लॉकडाउन की याद दिला दी!" तो शब्द टेबलावरून टेबलावर गेला. साहनीही हसले. वाईट माणूस नव्हता तो. सगळे गेल्यावर सईला म्हणाले, "बेटा, टेस्ट में दम है. पर बिना झाग की स्टाउट मैं किसको बेचूँ? टैंक अभी गेहूँ को देते हैं. दीवाली के बाद देखेंगे."

घरी आल्यावर सईने पिंप स्वतः सोड्याने धुतलं आणि वरच्या माळ्यावर ठेवून दिलं. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा ती दशहरी कापत होती. हळू आवाजात म्हणाली, "ग़लती हमारी है, भालू आजोबा. उनकी उम्र हो गई है. अब ये सब काम उनसे नहीं करवाएँगे. आपके सामने शर्मिंदा हुए वो, हमें अच्छा नहीं लगा."

तिने बशी माझ्यापुढे सरकवली. मी फोडी खाल्ल्या.

पुढचे दोन दिवस दिनकर खुर्चीत बसून मेट्रो बघत होता. सई त्याला पाण्याचा ग्लास हातात आणून देत होती, औषधाची आठवण करत होती, गॅस बंद केला का हे दोनदा बघत होती. धायटीच्या फुलांबद्दल जेवताना कोणी बोललं नाही. मला जे बघायचं म्हणून मी घरून निघालो होतो, ते सगळं मला बघायला मिळालं.

चारबाग

चारबाग स्टेशनवर दिनकर सोडायला आला. सईने त्याला एकट्याला सोडलं नाही, ओळखीचा रिक्षावाला बरोबर दिला होता. दिनकरने माझ्यासाठी आंब्यांची पेटी आणली होती. गाडी लागलेली होती. मी खिडकीत बसलो आणि तो फलाटावर उभा राहिला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग खिडकीच्या गजांना धरून तो म्हणाला,

"तिच्या ग्लासातला फेस तू पाहिला होतास ना रे? पहिल्या दिवशी?"

त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. ना राग, ना टोमणा.

"पाहिला होता," मी म्हणालो.

"छान होता ना?"

"फार छान होता."

"हां," तो म्हणाला आणि त्याचं तोंड उजळलं. "मला वाटलं तुला आवडला नाही. तू काही बोललाच नाहीस."

गाडी हलली. तो हात हलवत राहिला. त्याला कधी कळलं? सईने बोट बाहेर काढलं तेव्हा, की गच्चीवर माझ्याकडे बघत राहिला तेव्हाच? मी अजून विचारलेलं नाही. पण त्याला कळलं होतं आणि तरी तो "मीच लावलं" म्हणाला होता. कानपूर जाईपर्यंत मला त्याचाही हेवा वाटत होता. नाक त्याचं, नात त्याची, आणि हेही त्यालाच जमलं.

घरी आलो, कट्ट्यावर गेलो, आणि ती गोष्ट सांगितली. गजानन काय म्हणाला ते वर लिहिलंच आहे.

हे लिहायला बसण्याआधी मी सईला फोन केला. आधी तिला सांगायचं आणि मग तुम्हाला, एवढी तरी रीत पाळायची होती. हिंदी जमेना, म्हणून मराठीतच सांगितलं: तू गाडीत काय सांगितलंस ते मी ऐकलं होतं, त्याने मला विचारलं होतं, तूप मी लावायला लावलं, तळाशी माझाच हात फिरला.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपको पता था झाग बैठ जाएगा?"

"हो."

"तो क्यों?"

मी उत्तर बरंच घोळवून ठेवलं होतं, शास्त्र वगैरे. ते बाजूला ठेवलं. म्हणालो, "तू जेवताना त्याचं ऐकत होतीस, म्हणून."

पलीकडून मेट्रो गेल्याचा आवाज आला. सईने मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण तिने तसं काही म्हटलं नाही. तिने फोन कुठेतरी ठेवला. बंद करायचा राहिला, की तिने मुद्दामच तो चालू ठेवला, मला माहीत नाही. मग तिची हाक ऐकू आली, घराच्या त्या टोकापर्यंत जाणारी.

"आजोबा! माळे से पिंप उतारना है. आइए, हमसे अकेले नहीं होगा."

चपलांचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज. काहीतरी जड खाली आलं आणि फरशीवर घरंगळलं. मग दिनकर विचारत होता, "काय करायचं? फक्त गरम पाणी आणि धुरी ना?"

"और कुछ नहीं," सई म्हणाली.

"और कुछ नहीं," तो म्हणाला.

गजानन, तू हे वाचत असशील. दिनकरला फोन कर. तो ओळखेल. आवाज जरा मोठा ठेव, कारण त्या घरात आता पुन्हा काम चालू आहे. मी स्वतः त्या दिवशी फोन कानाला लावून ऐकत बसलो होतो. शेंडीने लाकूड घासल्याचा आवाज येत होता. माझी खोली शांत होती, आणि मला त्या पिंपाचासुद्धा हेवा वाटत होता.